सातबाऱ्यापासून यॉर्कच्या तटापर्यंत

मी भूमी अभिलेख विभागातून भूकरमापक म्हणून निवृत्त झालो. सातारा जिल्ह्यातील शेतांच्या हद्दी मोजण्यात माझी एकतीस वर्षे गेली आणि एवढ्या काळात मी महाराष्ट्राबाहेर केवळ दोनदा, तेही यात्रेसाठी, गेलो होतो. माझी मुलगी सप्टेंबर २०२४ मध्ये वाहतूक नियोजनाचे पदव्युत्तर शिक्षण घेण्यासाठी इंग्लंडमधील लीड्स येथे गेली. फेब्रुवारीतल्या एका रात्री ती फोनवर म्हणाली, "अण्णा, आजीला सोडून आईला निघता येणार नाही हे मला कळतं, पण तुम्ही तरी या. एक दिवस आपण दोघंच कुठल्यातरी जुन्या गावात फिरू." ते गाव यॉर्क ठरले आणि तो दिवस ठरला २४ जून २०२५. मधल्या चार महिन्यांत मी काय केले, कुठे अडलो आणि कशाला किती खर्च आला, ते क्रमाने लिहून ठेवत आहे. मुले परदेशी शिकत आहेत, पण कागदपत्रांच्या धास्तीने जे घरीच थांबले आहेत, अशा आईवडिलांना त्यातून वाट दिसावी एवढीच इच्छा आहे.

सुरुवात पासपोर्टापासून होती, कारण माझ्याकडे तो नव्हताच. छत्तीस पानांच्या साध्या पासपोर्टाचे शुल्क १५०० रुपये भरले, पुण्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रातील वेळ नऊ दिवसांनंतरची मिळाली, पोलीस पडताळणी झाली आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पासपोर्ट टपालाने घरी आला. इथवर काहीच कठीण गेले नाही. एक गोष्ट मात्र तेव्हाच लक्षात आली, की माझ्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग आधार कार्डावर एक आणि निवृत्तिवेतनाच्या आदेशावर दुसरे होते. हा फरक पुढे अडचणीचा ठरेल अशी भीती वाटली म्हणून मी शंभर रुपयांच्या मुद्रांकावर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र करून घेतले. ज्यांची कागदपत्रे वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या कारकुनांनी लिहिलेली आहेत, त्यांनी हे काम आधीच उरकून ठेवावे.

व्हिजिटर व्हिसाचा अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि तो मधेच जतन करून ठेवता येतो, ही मोठी सोय आहे. तरीही मला तो पुरा करायला अकरा दिवस लागले. गेल्या दहा वर्षांतील परदेश प्रवास, महिन्याचे उत्पन्न, महिन्याचा खर्च, प्रवासावर किती रक्कम खर्च करणार, ती कोण देणार, असे प्रश्न येत जातात. शासकीय सेवेत होतो का, हाही प्रश्न आहे आणि तिथे मी होय असे लिहून सेवेच्या तारखा दिल्या. सर्वांत जास्त वेळ गेला तो आईवडिलांच्या जन्मतारखांपाशी. माझ्या वडिलांची जन्मतारीख घरात कुणालाही ठाऊक नव्हती. शेवटी गावच्या प्राथमिक शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना विनंती केली आणि त्यांनी जुने जनरल रजिस्टर कपाटातून काढून दिले. वडिलांचे नाव, जन्मतारीख आणि "चौथी पास, शेतीकामासाठी शाळा सोडली" हा शेरा मी वयाच्या साठाव्या वर्षी पहिल्यांदा वाचला.

या व्हिसाच्या अर्जदाराला दोन गोष्टी पटवून द्याव्या लागतात. राहण्या-जेवण्याचा आणि परतीचा खर्च तो करू शकतो ही पहिली, आणि भेट संपली की तो खरोखर परत जाईल ही दुसरी. बँकेत किती पैसे असावेत याचा ठराविक आकडा नियमांत दिलेला नाही. उत्पन्न आणि शिल्लक यांचा मेळ बसला पाहिजे, असे मला त्यातून समजले. मी सहा महिन्यांचे बँकेचे विवरण, निवृत्तिवेतनाचा आदेश, आयकर विवरणपत्रे आणि मुलीचे निमंत्रणपत्र जोडले. मुलीने तिच्या व्हिसाचा पुरावा, विद्यापीठाचे पत्र आणि घराचा भाडेकरारही पाठवला होता. जानेवारीत माझी एक मुदत ठेव मोडल्याने खात्यात एकदम तीन लाख रुपये जमा झालेले दिसत होते, म्हणून त्या ठेवीच्या पावतीची प्रत जोडून चार ओळींचे स्पष्टीकरण लिहिले. अचानक जमा झालेल्या मोठ्या रकमेचा उगम दाखवला नाही तर ती रक्कम उसनी आणली असावी असा अर्थ निघू शकतो.

परतण्याचा पुरावा म्हणून घरी असलेली पत्नी, एकोणऐंशी वर्षांची आई आणि दोन एकर सात गुंठे जमीन, एवढे माझ्याकडे होते. जमिनीसाठी सातबारा उतारा जोडायचा ठरवला, पण इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदाचे प्रमाणित भाषांतर द्यावे लागते. ते अचूक असल्याचे भाषांतरकाराचे निवेदन, तारीख, पूर्ण नाव, सही आणि संपर्काचा तपशील त्यावर असावा लागतो. साताऱ्यात न्यायालयाच्या परिसरात काम करणारे एक भाषांतरकार मिळाले. पानाला सहाशे रुपये या दराने चार पानांचे २४०० रुपये झाले. "पोटखराबा", "जिरायत", "इतर हक्क" हे शब्द इंग्रजीत कसे न्यावेत यासाठी मी त्यांच्याशेजारी अडीच तास बसलो. हजारो उतारे हाताळले होते, पण हा कागद आपल्याला ओळखत नसलेल्या माणसापुढे आपल्या वतीने बोलणार आहे, या भावनेने सातबारा मी त्या दिवशी प्रथमच वाचला.

या भाषांतरामुळे उशीर झाला आणि त्याची किंमत मोजावी लागली. सहा महिन्यांपर्यंतच्या व्हिजिटर व्हिसाचे शुल्क ९ एप्रिल २०२५ पासून ११५ पौंडांवरून १२७ पौंड झाले आणि माझा अर्ज १७ एप्रिलला भरला गेला. रुपयांत ते पंधरा हजारांच्या आसपास गेले. क्षयरोगाची तपासणी करावी लागेल असे दोघातिघांनी छातीठोकपणे सांगितले होते, पण ती सहा महिन्यांहून अधिक मुक्कामासाठी असते. मला लागली नाही. ऐकीव माहितीवर पैसे खर्च करण्यापूर्वी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावरचा मूळ नियम मुलांकडून वाचून घ्यावा.

२८ एप्रिलला पुण्यातील व्हिसा अर्ज केंद्रात बोटांचे ठसे आणि छायाचित्र दिले. कागद घरूनच अपलोड केले असल्याने तिथले काम चाळीस मिनिटांत संपले. मात्र वर्षानुवर्षे लोखंडी टेप आणि साखळी हाताळून माझ्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत, त्यामुळे उजव्या अंगठ्याचा ठसा चार वेळा घ्यावा लागला. त्यानंतर पंधरा कामकाजाचे दिवस थांबायचे होते. शेतात वळवाआधीची कामे चालू होती, तरी दर तासाला फोन पाहण्याची सवय लागली. २० मे रोजी पासपोर्ट परत आला तेव्हा पाकीट मी उघडले नाही, पत्नीकडे दिले. तिने पाने उलटली आणि व्हिसाच्या पानावर बोट ठेवून ती नुसती उभी राहिली.

प्रवासाविषयी थोडक्यात सांगतो. विमा या व्हिसासाठी सक्तीचा नाही, पण मी घेतला, कारण तिथल्या सरकारी रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर परदेशी पाहुण्यांकडून पूर्ण खर्चापेक्षाही जास्त, म्हणजे दीडपट आकारणी होते. आखाती देशात विमान बदलून १० जूनला मँचेस्टरला उतरलो. भारतीय पासपोर्टधारकांना स्वयंचलित फाटकातून जाता येत नाही, अधिकाऱ्यासमोर उभे राहावे लागते. किती दिवस राहणार, कुणाकडे, परतीचे तिकीट आहे का, एवढेच त्यांनी विचारले. मुलगी बाहेर उभी होती आणि ती हडकली होती.

तिचा प्रबंध चालू असल्याने पहिले दोन आठवडे ती सकाळी आठ वाजता ग्रंथालयात जाई आणि संध्याकाळी परत येई. २४ जून, मंगळवार, हा एक दिवस तिने मोकळा काढला होता. इथे रेल्वेची एक सोय सांगायला हवी. सोळा वर्षांवरील कोणत्याही दोन व्यक्तींच्या नावे पस्तीस पौंडांत वर्षभराचे एक सवलत कार्ड मिळते. दोघे एकत्र प्रवास करत असतील तर दोघांच्याही तिकिटावर एक तृतीयांश सूट मिळते. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी मात्र ते चालत नाही. दोघांची मिळून १०५ पौंडांची तिकिटे काढली की कार्डाची किंमत वसूल होते, असा माझा हिशेब आहे. मँचेस्टर विमानतळावरून लीड्सला येण्यासाठी तिने हे कार्ड आधीच काढून ठेवले होते. यॉर्कचे दोघांचे जाण्यायेण्याचे तिकीट सवलतीनंतर २४ पौंडांना पडले.

साडेनऊनंतरच्या गाडीने निघालो आणि पंचवीस-तीस मिनिटांत यॉर्कला उतरलो. स्थानकाचे लोखंडी छत १८७७ सालचे आहे आणि रुळांच्या वळणाबरोबर तेही वळत जाते. मुलीने तिच्या विषयाच्या दृष्टीने ते समजावून सांगितले, आणि आम्ही तिथल्याच दुकानातून दोन पौंडांना गावाचा कागदी नकाशा घेतला. तिच्या वहीत सात ठिकाणांची यादी होती: गावाचा तट, मिन्स्टर हे प्रमुख चर्च, शॅम्बल्स ही जुनी गल्ली, क्लिफर्ड्स टॉवर, राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय, व्हायकिंग काळाचे प्रदर्शन आणि ऊझ नदीतील नौकाविहार. माझा डावा गुडघा दुखरा आहे हे तिला माहीत होते, पण मी तो किती दुखतो हे तिला कधी सांगितले नव्हते.

स्थानकाबाहेर पडताच समोर तट दिसतो. त्याच्या पायथ्याशी हिरवळीत काही थडगी आहेत. १८३२ च्या पटकीच्या साथीत मेलेल्या १८५ जणांना तिथे पुरले होते. आम्ही सात-आठ मिनिटे चालत मिकलगेट बार या दक्षिणेकडच्या वेशीपाशी गेलो आणि तिथून तटावर चढलो. यॉर्कमध्ये "गेट" म्हणजे दरवाजा नव्हे. व्हायकिंगांच्या भाषेतील रस्त्यासाठीच्या शब्दावरून तो आला असून मिकलगेट म्हणजे मोठा रस्ता, आणि दरवाजाला तिथे "बार" म्हणतात. व्हायकिंगांनी हे गाव इसवी सन ८६६ मध्ये घेतले. त्यांची सत्ता गेली तरी रस्त्यांची नावे राहिली. गावनकाशातल्या ओढ्यांची आणि माळांची नावे सर्वांत जुनी असतात, हे मी नोकरीत नेहमी पाहिले होते.

तटाची एकूण लांबी सुमारे ३.४ किलोमीटर आहे आणि इंग्लंडमधील मध्ययुगीन तटांत हा सर्वांत लांब आहे. चालायला पैसे पडत नाहीत, पण पायऱ्या उंच आणि अरुंद आहेत आणि बऱ्याच भागात आतल्या बाजूला कठडा नाही, म्हणून आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी गर्दी वाढण्याआधी सकाळीच तिथे चढावे. ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत त्यांनी खालच्या हिरवळीच्या कडेने चालावे, तटाचे रूप तिथूनही दिसते. या भागात तटाखालून कमानी काढलेल्या आहेत, कारण गावाचे पहिले कायमचे रेल्वे स्थानक १८४१ मध्ये तटाच्या आत बांधले होते आणि रूळ आत न्यायचे होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नगरपालिकेला तर सगळा तटच पाडून टाकायचा होता. विल्यम एटी नावाच्या चित्रकारासह अनेकांनी विरोध केला आणि बराचसा तट वाचला. मी ज्या गावांत मोजणी केली तिथल्या वेशी रस्तारुंदीत गेलेल्या मी पाहिल्या आहेत, त्यामुळे त्या माणसाविषयी मला फार आदर वाटला.

चालताना मी सवयीने पावले मोजत होतो. मुलीने ते ओळखले आणि विचारले, तेव्हा तिला सांगितले की आपला गुंठा म्हणजे तेहेतीस फूट गुणिले तेहेतीस फूट, आणि एडमंड गंटर या इंग्रजाने सतराव्या शतकात रूढ केलेली मोजणीची साखळी सहासष्ट फुटांची, म्हणजे आपल्या साखळीच्या बरोबर दुप्पट. ज्या देशातून माझ्या हातातले मोजमाप आले, त्या देशाच्या तटावर मी पावले टाकत होतो. ती थोडा वेळ माझ्याबरोबर मोजत चालली. लहानपणी सुट्टीत ती मोजणीला माझ्याबरोबर यायची आणि झेंडा धरून उभी राहायची.

लेंडल पुलापाशी तट उतरलो तेव्हा गुडघा भरून आला होता. नदी ओलांडून म्युझियम गार्डन्स या बागेत गेलो, तिथेही प्रवेश विनामूल्य आहे. हेन्री आठव्याच्या काळात, १५३९ मध्ये बंद झालेल्या सेंट मेरीज मठाच्या उघड्या भिंतींसमोर बाकावर बसून डबा उघडला. चपाती, बटाट्याची भाजी आणि घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी होती. उपाहारगृहात दोघांचे तीस-पस्तीस पौंड सहज गेले असते. बागेतच रोमन काळातला एक बहुकोनी बुरूज आहे. त्याचा खालचा भाग लहान घडीव दगडांचा, मधून लाल विटांच्या थरांची पट्टी असलेला, आणि वरचा भाग मोठ्या दगडांचा, मध्ययुगीन आहे. दोन काळांची बांधणी जिथे मिळते ती रेषा लांबूनही स्पष्ट दिसते.

त्या बाकावर आम्ही दीड तास बसलो आणि त्या दिवसातले सर्वांत महत्त्वाचे तिथेच झाले. मुलगी म्हणाली, "अण्णा, जानेवारीत मी नऊ दिवस तापाने पडून होते. तुम्हाला सांगितलं नाही." त्या दिवसांत ती इंटरनेट मंद असल्याचे सांगून कॅमेरा बंद ठेवायची, हे मला आठवले. नोव्हेंबरमध्ये शिक्षण सोडून परत यावे असे तिच्या मनात आले होते आणि तिकिटाचे दरही तिने पाहिले होते, हेही तिने सांगितले. मग ती म्हणाली, की शिक्षणानंतर दोन वर्षे तिथे काम करता येते, ती प्रयत्न करणार आहे, आणि परत कधी येईल हे तिला आज सांगता येत नाही. मी परत येईन हे सिद्ध करायला मी ब्रिटिश अधिकाऱ्यांना वडिलांच्या जन्मतारखेपासून सातबाऱ्यापर्यंत सगळे दिले होते. तिच्या परतण्याविषयी मात्र मी तिला एकदाही विचारले नव्हते, कारण उत्तराची भीती होती. मी तिला एवढेच म्हणालो, की तू ठरवशील ते आम्हाला कळव, पण आजारी पडलीस तर त्याच दिवशी कळव. आणि माझा गुडघा किती दुखतो तेही सांगितले. तिने वही काढली आणि काही न बोलता रेल्वे संग्रहालय, व्हायकिंग प्रदर्शन आणि नौका या तिघांवर काट मारली. रेल्वे संग्रहालय हे तिच्या आवडीचे ठिकाण होते. तिथेही प्रवेशशुल्क नाही आणि वाफेच्या इंजिनांतील जागतिक विक्रम, ३ जुलै १९३८ रोजी ताशी १२६ मैल, करणारे मॅलार्ड हे इंजिन तिथे आहे. ते राहिल्याचे मला अजून वाईट वाटते.

दुपारी बूथम बार ते मंक बार हा तटाचा दुसरा तुकडा सावकाश चाललो. इथून मिन्स्टरची उत्तर बाजू आणि तिच्या भोवतालच्या बागा दिसतात. रोमन सैन्याने इसवी सन ७१ मध्ये इथे छावणीचा किल्ला उभारला आणि या भागातला मध्ययुगीन तट त्याच किल्ल्याच्या हद्दीवर बांधलेला आहे. एकोणीसशे वर्षे एक हद्द जागची हलली नाही, ही गोष्ट एका भूकरमापकाला किती समाधान देते हे मी शब्दांत सांगू शकत नाही. माझ्या सेवेत दहा वर्षांत बांध सरकलेले आणि त्यावरून भाऊ एकमेकांना पारखे झालेले मी पाहिले आहेत.

शॅम्बल्स ही गल्ली इतकी अरुंद आहे की दोन्ही बाजूंच्या घरांचे पुढे आलेले वरचे मजले एकमेकांना टेकतील असे वाटते. ही खाटकांची गल्ली होती. दुकानांपुढे मांस मांडायच्या फळ्या आणि लोखंडी आकडे अजून काही ठिकाणी आहेत. विल्यम राजाने १०८६ मध्ये करवून घेतलेल्या जमीन पाहणीत, म्हणजे डूम्सडे बुकात, या जागेचा उल्लेख आहे. दुपारी तिथे फार गर्दी असते, छायाचित्रासाठी थांबणाऱ्यांमुळे पुढे सरकता येत नाही. आम्ही दहा मिनिटांत बाहेर पडलो.

क्लिफर्ड्स टॉवर हा मातीच्या उंच टेकाडावरचा दगडी बुरूज आहे. वर जायला तिकीट आहे आणि पायऱ्या पुष्कळ आहेत, म्हणून मी खालीच थांबलो. मुलीने पायथ्याचा फलक वाचून दाखवला. १६ मार्च ११९० रोजी गावातील सुमारे दीडशे ज्यू लोक जमावापासून जीव वाचवण्यासाठी इथल्या तेव्हाच्या लाकडी बुरुजात शिरले आणि तिथेच त्यांचा अंत झाला. अनेकांनी शरण जाण्याऐवजी स्वतःच्या हाताने आपल्या माणसांचे आणि आपले जीव घेतले, बाहेर आलेल्यांना ठार मारण्यात आले. जमावाच्या म्होरक्यांत त्यांचे कर्जदार होते. त्यांनी नंतर मिन्स्टरमध्ये ठेवलेली कर्जखते काढून जाळली. पुढे काही वर्षांत राजाने कर्जखतांच्या दोन प्रती करून एक शासनाच्या पेटीत ठेवण्याची पद्धत घातली. १८७५ मध्ये आपल्या पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खते जाळली आणि १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्यांची खते गावपातळीवर नोंदवणे आले, हे मी खात्याच्या परीक्षेसाठी वाचले होते. दोन्ही घटना सारख्या नाहीत; सुप्यात रोष मुख्यतः कागदावर होता, यॉर्कमध्ये एक संपूर्ण वस्ती माणसांसह संपवली गेली. पण ज्या नोंदवहीवर मी आयुष्यभर सही करत आलो, तिच्यामागे असे काही असू शकते, हा विचार मला त्या टेकाडाखाली बराच वेळ हलू देईना.

त्यानंतर एका लहान चहाच्या दुकानात बसलो. दोन चहा आणि दोन स्कोन यांचे १३ पौंड झाले. मिन्स्टर आतून पाहण्याचे तिकीट प्रौढांना वीस पौंडांच्या आसपास आहे, पण संध्याकाळच्या गायन-प्रार्थनेला कुणालाही विनामूल्य बसता येते. मंगळवारी ती साडेपाचला होती, आम्ही सव्वापाचला पोहोचलो. दारावरच्या स्वयंसेविकेला मुलीने आम्ही ख्रिस्ती नाही असे सांगितले, तेव्हा त्यांनी हसून आत जाण्याची खूण केली. आत फिरता येत नाही, छायाचित्रे घेता येत नाहीत, इतर लोक उभे राहिले की आपण उभे राहायचे, एवढेच पाळावे. गायकांच्या दालनात जाताना पंधरा राजांच्या पुतळ्यांची दगडी भिंत लागते. पूर्वेकडची मोठी रंगीत काचेची खिडकी जॉन थॉर्नटन याने १४०५ ते १४०८ या तीन वर्षांत पूर्ण केली. ९ जुलै १९८४ रोजी या वास्तूच्या दक्षिण भागाचे छत आगीत कोसळले होते आणि चार वर्षांत ते पुन्हा उभे केले गेले. गायन सुरू झाल्यावर मला शब्द कळले नाहीत, पण दिवेलागणीला आमच्या गावच्या विठ्ठल मंदिरात हरिपाठ चालू असताना होतो तसा मनाचा ठाव लागला. मुलीने डोळे मिटले होते. निघताना पेटीत पाच पौंड टाकले.

परतीची गाडी चौतीस मिनिटे उशिरा पोहोचली. असा उशीर झाल्यास भाड्याचा काही भाग परत मागता येतो, हे पुष्कळांना माहीत नसते. मुलीने त्याच रात्री अर्ज भरला आणि दहा दिवसांनी सहा पौंड परत आले. सवलत कार्ड सोडून दिवसाचा खर्च ४४ पौंड, म्हणजे पाच हजार रुपयांहून थोडा अधिक झाला होता. तो ३८ पौंडांवर आला.

दुसऱ्या दिवशी ती ग्रंथालयात गेल्यावर मी डबा घासला आणि यॉर्कचा नकाशा टेबलावर पसरला. शिवणाचा दोरा तटाच्या रेषेवर लावून आम्ही चाललेले अंतर मोजले. ते एकूण तटाच्या निम्म्याहून कमी भरले. पूर्वेला एका ठिकाणी तटाची रेषा तुटलेली आहे, कारण फॉस नदी अडवल्याने तिथे पूर्वी पाणथळ होती आणि तटाची गरजच नव्हती. चाललेला भाग मी ठळक रेषेने काढला आणि न चाललेला, आमच्या खात्याच्या रिवाजाप्रमाणे, ठिपक्यांनी. संध्याकाळी मुलीने तो पाहिला आणि ठिपक्यांच्या शेजारी पेन्सिलीने "आईबरोबर" असे लिहिले. नकाशा आता घरी व्हिसाच्या फाईलमध्ये सातबाऱ्याच्या भाषांतराखाली आहे. आईजवळ राहायला माझी बहीण तयार झाली असून पत्नीच्या पासपोर्टासाठी १९ ऑगस्टची वेळ मिळाली आहे.